तोलात कमी

मी पडले त्यात माझी चूक फारशी नव्हती. चूक न्हाव्याची. त्याने ऐन दिवेलागणीला शेजारच्या घड्याळवाल्याशी पाटीवरून भांडण काढलं. कोणाची पाटी कोणाच्या दारावर किती आली, यावरून दोघांचा आवाज चढत गेला आणि मी वरच्या खिडकीत उभी राहून ऐकत होते. घड्याळवाला तरातरा आत गेला. आता हा काहीतरी हातात घेऊन बाहेर येणार, म्हणून चष्मा आणायला मी गर्रकन वळले. मी वळले, खोलीही वळली, पण दोघी एकदम वळलो नाही. मग मी, खुर्ची आणि खुर्चीवरचा धुतलेल्या कपड्यांचा ढीग, असे सगळे जमिनीवर आलो.

लागलं काही नाही. कपडे खाली होते, मी वर. आवाज मात्र जबरदस्त झाला. घड्याळवाल्याच्या हातात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, त्याचं दुःख जास्त.

आमचं घर अरुंद आणि उंच आहे. तळाला एक मागची खोली, तिच्यात मुलाची सायकल आणि जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या. त्यावर मुलगा आणि सूनबाई. त्यावर मी. तळापासून माझ्या दारापर्यंत चौतीस पायऱ्या. मुलगा इमारतींचे नकाशे काढतो. जिने तर इतके सुंदर काढतो की बघत राहावं. चढताना मात्र अठराव्या पायरीवर थांबतो आणि भिंतीला हात लावून काहीतरी विचार करत असल्यासारखं दाखवतो.

त्या दिवशी तो न थांबता वर आला. मला उचलून बसवलं, हातपाय हलवून बघितले, आणि मोडलं काही नाही म्हटल्यावर रागावला.

"आई, आता पुरे. तू खालच्या खोलीत यायचं."

"तिथे सायकल राहते."

"सायकल वर आणू."

"म्हणजे सायकलीला खिडकी आणि मला भिंत!"

"खालीपण खिडकी आहे."

आहे. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्यांची भिंत. मी एकोणतीस वर्षं बांधकामावर विटा वाहिल्या आहेत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं किंवा विटांची चळत, पायाखाली परांचीची डुगडुगती फळी. एवढं करून म्हातारपणी बघायला भिंत मिळावी, आणि तीही वाईट बांधलेली? एकही थर ओळीत नाही तिचा. मी सरळ सांगितलं, मेले तर ह्या खोलीतून जाईन, नाहीतर जाणार नाही.

"तेच म्हणतोय मी," मुलगा म्हणाला. "मेलीस तर काय?"

सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती शहर बसवर कंडक्टर आहे. भांडण कसंही पेटलेलं असो, दोन्ही बाजूंना एकेक तिकीट फाडून देते आणि गाडी पुढे काढते. अक्षरंही मला तिनेच शिकवली, त्रेसष्टाव्या वर्षी, बसच्या पाट्यांवरून. ती म्हणाली, "हे बघा, तपासणी करून घेऊ. पास तो वर. नापास तो खाली. मग कुरकुर कोणीच करायची नाही. कबूल?"

मी म्हटलं, कबूल. मुलगा म्हणाला, कबूल. कसली तपासणी, ते कोणी सांगितलं नाही. कारण त्या दोघांना ते माहीत होतं आणि मलाही माहीत असेल असं ते धरून चालले.

दोन दिवसांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आली. मुलाने ती माझ्या आरशात खोचून ठेवली. मी चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचली. "तोल तपासणी. गुरुवार, सकाळी साडेदहा. सैल कपडे घालावेत." सगळं वाचता आलं. काना, मात्रा, अनुस्वार, काही अडलं नाही.

तोल तपासणी. म्हणजे तोलून बघणार.

गेल्या हिवाळ्यापासून मी अंगाने उतरले होते हे खरं. सूनबाई रोज म्हणायची, "आई, जेवा जरा, वाऱ्याने उडून जाल." मुलगा परवाच म्हणाला होता, "तोलात कमी पडलीस तर मी काय करू?" आता सगळं जुळलं. हलकी वीट भिंतीत टिकत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. मी हलकी झाले म्हणून पडले, आणि किती हलकी झाले ते आता काट्यावर दिसणार.

सूनबाईला विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण निरक्षर होते तेव्हा मी रस्त्यातल्या कोणालाही बिनदिक्कत विचारायची, "बाबा, काय लिहिलंय?" वाचता यायला लागल्यापासून विचारायची लाज वाटते.

गुरुवारी सकाळी मी माझा जुना लांब कोट काढला. सैल कपडे घाला म्हणून त्यांनीच लिहिलं होतं. कोटाला दोन खोल खिसे. उजव्याला भोक होतं, आणि शिवायला वेळ नव्हता. म्हणून खलबत्त्यातला पितळी बत्ता, माळ्याचं मोठं कुलूप आणि दार अडवायला ठेवलेली अर्धी वीट, हे सगळं डाव्या खिशात गेलं. वर चार पेले पाणी प्याले. पाण्यालाही वजन असतं.

रस्त्याने चालताना मुलाने दोनदा मागे वळून बघितलं.

"आई, काय वाजतंय?"

"गुडघा."

"गुडघ्याचा असा आवाज येतो?"

"माझ्या वयाचा हो, मग कळेल."

तपासणीच्या खोलीत मी पहिल्यांदा काटा शोधला. काटा नव्हता. जमिनीवर एक चौकोनी पाट होता, समोर पडदा, कोपऱ्यात मोठमोठे रबरी चेंडू, भिंतीला धरायला दांडे. डॉक्टरीण तिशीतली, बारीक, उत्साही. तिने मला पाटावर उभं केलं.

"आजी, नुसतं सरळ उभं राहायचं. पडद्यावर तो ठिपका दिसतोय? तो म्हणजे तुम्ही."

"एवढीशी?"

"तुमचं वजन कुठे पडतंय ते तो दाखवतो. माणूस कितीही शांत उभा राहिला तरी आतून सारखा पडत असतो आणि सारखा सावरत असतो. घोटे, पोटऱ्या, कंबर, सगळे गुपचूप कामाला लागलेले असतात. ह्याला तोल म्हणतात."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तोल म्हणजे हा तोल. आणि मी खिशात अर्धी वीट घेऊन उभी.

कोट काढते म्हणावं तर बत्ता कशाला आणला ते सांगावं लागणार. मी कोट तसाच ठेवला. सरळ उभी राहिले, निदान मला तसं वाटलं. पडद्यावरचा ठिपका मात्र चालत चालत डाव्या अंगाला गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. तिने पाट बंद करून पुन्हा चालू केला. ठिपका पुन्हा डावीकडे.

"आजी, डोकं दुखतं?"

"नाही."

"हसून दाखवा बरं."

"काहीतरी विनोदी सांग, हसते."

"दोन्ही हात वर करा." केले. "जीभ बाहेर काढा." काढली. एवढं मोकळेपणाने मला आजवर कोणी जीभ काढू दिली नव्हती. तिने माझ्या डोळ्यांत उजेड पाडला, गुडघ्यांवर हातोडी मारली, तळव्यांना काडी टोचली. मग मुलाला दाराकडे घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलली. माझे कान चांगले आहेत.

"सगळा भार एका बाजूला जातोय. मला आवडलं नाही हे. डोक्याचा फोटो आजच्या आज काढावा लागेल. मेंदूत काही..."

मुलगा परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्याशेजारी उभा राहिला आणि माझा हात धरला. शाळेच्या पहिल्या दिवशी धरला होता तसा, सगळी बोटं मुठीत घेऊन. "काही नाही आई," म्हणाला, "साधा फोटो काढायचाय."

वर राहायचं की खाली, ह्यासाठी मी पुष्कळ काही केलं असतं. पण पोराला असं बघवेना. शिवाय चार पेले पाणीही आता घाई करायला लागलं होतं.

"थांबा," मी म्हटलं आणि खिशात हात घातला.

आधी कुलूप निघालं. ते मी पाटावर ठेवलं. मग बत्ता. डॉक्टरीणबाईंचे डोळे मोठे होत गेले. मग मी अर्धी वीट काढली आणि बत्त्याशेजारी नीट मांडली.

"आणखी काही?" तिने विचारलं.

"नाही. उजव्या खिशाला भोक आहे."

मुलगा म्हणाला, "आई, हे काय आहे?"

"चिठ्ठीवर लिहिलं होतं, तोल तपासणी. मला वाटलं तोलणार. म्हटलं, कमी भरायला नको."

डॉक्टरीणबाई आधी खोकली, मग वळली, मग कोपऱ्यातल्या रबरी चेंडूवर बसली आणि पोट धरून हसली. हसता हसता चेंडू निसटला आणि बाई जमिनीवर. मी मुलाकडे बघितलं. "हिलापण खाली पाठवणार का राहायला?" मुलगा हसला नाही. त्याने पाटावरची वीट उचलली, आणि आता ती कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.

मी आत जाऊन आले. मग कोट काढून खरी तपासणी झाली. डोळे उघडे ठेवून मी पाटावर अशी उभी राहिले की ठिपका जागचा फारसा हलेना. डॉक्टरीणबाई खूश. मग तिने मऊ गादी आणली, तिच्यावर उभं केलं आणि म्हणाली, "आता डोळे मिटा."

डोळे मिटले आणि जमीन कोणीतरी काढून घेतली. सहा आकडे मोजून होईपर्यंत मी तिच्या मिठीत होते.

"असं बघा आजी," तिने मला बसवून सांगितलं, "शरीराला सावरायला तीन ठिकाणांहून खबर लागते. डोळे सांगतात, तळवे सांगतात, आणि कान सांगतात. कानाच्या आत वाकड्या बारीक नळ्या असतात, त्यांत पाणी. डोकं फिरलं की ते मागे राहतं आणि त्यावरून मेंदूला कळतं, किती फिरलो."

"म्हणजे पाणसळ," मी म्हटलं. "गवंडी नळीत पाणी भरून दोन्हीकडची पातळी बघतात, ती."

"जवळजवळ तीच. तुमची पाणसळ आता जरा मंद झालीय. तळवे तर सिमेंटने इतके टणक झालेत की काडी टोचली ती तुम्हाला कळलीच नाही. म्हणजे दोन खबरे झोपलेत. एकटे डोळे सगळी चाकरी करतायत. त्यात तुम्ही दिवेलागणीला, अंधुक उजेडात, गर्रकन वळलात."

"मग नापास?" मुलाने विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "पोरी, डोक्यावर काहीतरी दे. रिकाम्या डोक्याने उभं राहायची मला सवय नाही."

तिला गंमत वाटली. व्यायामाची वाळूची पिशवी होती, चार किलोची. मी टॉवेल पिळून चुंबळ केली, पिशवी चढवली, गादीवर उभी राहिले, डोळे मिटले. मान आपोआप ताठ झाली, कंबर जागेवर आली. सहाचे एकोणीस झाले. डॉक्टरीणबाई वही काढून लिहायला लागली. "हे मी शिकले त्यात कुठे नव्हतं," म्हणाली. मग वही मिटून म्हणाली, "पण आजी, अंधारात उठून संडासला जाताना ही पिशवी तुमच्या डोक्यावर कोण चढवणार?"

कागदावर तिने लिहिलं, डोळे मिटून कमी. मी ते उलटं बसूनही वाचलं.

"ठरलं होतं आई," मुलगा म्हणाला. आवाज मऊ होता, पण आपल्या बापासारखा तो मऊ आवाजातच हट्ट करतो.

"ठरलं होतं," मी म्हटलं. "आता तू चढ गादीवर."

"मी कशाला?"

"जिने काढणारा माणूस आहेस. सरळ उभं राहता येतं का ते बघू दे लोकांना."

डॉक्टरीणबाईनेही आग्रह केला. मुलाने बूट काढले, गादीवर चढला, डोळे मिटले, आणि चौथ्या आकड्याला दांड्याला लटकला. "पुन्हा," म्हणाला. पुन्हा चार. तिसऱ्यांदा तीन.

"दिवसभर खुर्चीत बसता का?" तिने विचारलं.

त्याने बूट चढवायला घेतले. तिने दुसरा कागद घेतला आणि त्यावर त्याच्याबद्दल लिहिलं. मग दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं की आजींचे पाय चौतीस पायऱ्यांनीच धरून ठेवलेत. जिना चढणं थांबवलंत तर पायही जातील. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावा, प्रत्येक वळणावर दिवा लावा, आणि दोघांनी रोज एका पायावर उभं राहायचा व्यायाम करा, आधी खुर्ची धरून, मग नुसत्या एका बोटाने.

वाटेत मुलगा पुढे चालत होता. वीट त्याच्या हातात होती. घर आल्यावर एवढंच म्हणाला, "तिला विचारू. नियम तिने केलाय."

सूनबाई नुकतीच ड्युटी संपवून आली होती. गणवेश अंगावर तसाच, पलंगाच्या कडेला बसून कांदा चिरत होती.

"काय झालं?"

"दोघं नापास," मी म्हटलं.

"दोघं? कोण दोघं?"

मुलाने सगळं सांगितलं. बत्त्यापाशी तिने सुरी खाली ठेवली आणि डोळे पुसले. कांदा होताच हाताशी, म्हणून हसली की काय ते कळलं नाही. "आई, वाचलंत अगदी बरोबर," ती म्हणाली. "अर्थ तेवढा पुढच्या स्टॉपवर उतरला."

"आता खाली कोणी जायचं ते सांग," मुलगा म्हणाला.

"कसली ती तपासणी? अशी?" तिने पलंगावरची उशी ओढली, जमिनीवर टाकली, तिच्यावर चढली, एक पाय उचलला आणि डोळे मिटले. आम्ही मोजायला लागलो. दहा. वीस. ती मधेच म्हणाली, "भात लावलाय का कोणी?" तीस. "अहो, लावलाय का?" मुलगा धावत भात लावायला गेला. मी एकटीच मोजत राहिले. पन्नासला मलाच कंटाळा आला.

बावीस वर्षं ती चालत्या बसमध्ये उभी आहे. दोन्ही हात तिकिटांत, गाडी वळणावर, ब्रेक कधी लागेल त्याचा नेम नाही, आणि धरायला काही नाही. तिच्या तळव्यांनाच डोळे फुटले असणार.

उशीवरून उतरून तिने पदवी मिळाल्यासारखं आमच्याकडे बघितलं.

"नियम काय होता? पास तो वर, नापास तो खाली. पास मी एकटीच."

माझ्या हे ध्यानीमनी नव्हतं. मुलाच्याही नव्हतं. तो भाताचं भांडं हातात घेऊन दारात उभा.

"म्हणजे खिडकीची खोली तुझी?" मी विचारलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

तिने उत्तर द्यायला वेळ लावला. कंडक्टर सुटे पैसे परत द्यायला लावतात तेवढा. मग म्हणाली, "खोली तुम्हीच वापरा, आई. जिनापण तुमचाच. पण मी दिवसभर उभी असते. मला बसायला खिडकी पाहिजे. सहा ते सात, रोज, ती खुर्ची माझी. आणि अहो, तुम्ही. कागदावर पुष्कळ कठडे काढलेत. ह्या रविवारी एक खरा लावायचा. दोन्ही बाजूंनी. आणि सहाला दोघींचा चहा वर आणायचा, अठराव्या पायरीवर विचार न करता."

सहा ते सात. रस्त्यावर जे काही घडतं ते सहा ते सातमध्येच घडतं. पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? मी म्हटलं, कबूल.

कठडा लागला. दिवे लागले. मी वरच आहे. पण सूनबाई खिडकीत बसते आणि तिला बघता येत नाही. रोज बसमध्ये हजार माणसं बघून तिला माणसांची हौस उरलेली नाही. "काय चाललंय?" विचारलं की म्हणते, "दोघं बोलतायत." कोण दोघं? "माणसं आहेत." असं ऐकून घेत पलंगावर बसायचं म्हणजे शिक्षा. म्हणून मी माझा व्यायाम तेव्हाच करते, तिच्या खुर्चीची पाठ धरून.

काल समोर कोणीतरी नवीन राहायला आलं. सामान उतरत होतं. मी एका पायावर.

"कपाट आहे का सूनबाई?"

"काहीतरी उंच आहे."

"डोकं जरा डावीकडे घे."

"आई, एक बोट सांगितलंय डॉक्टरांनी. तुम्ही दोन्ही हातांनी धरलंय."

मी एक हात सोडला. मग दुसऱ्याचं एकच बोट ठेवलं, टाच उचलली आणि तिच्या खांद्यावरून मान काढली. कपाटच होतं, आरशाचं, आणि ते उचलणाऱ्या दोघांतला मागचा चुकीच्या बाजूने वळत होता.

"पडणार!" मी म्हटलं.

"अगं बाई!" म्हणत सूनबाई मला धरायला ताडकन उठली, आणि मी खुर्चीत बसले.